विरजणाची वही

सर कुठलंही दार हातानं उघडत नसत. कोपरानं ढकलत. प्रयोगशाळेचं दार, घरचं दार, बँकेचं काचेचं दार, सगळ्यांना एकच कोपर. देवळात गेले तर घंटेलाही खालून कोपराचा टोला द्यायचे आणि पुजारी तोंड फिरवून हसायचा. सगळा जन्म जंतूंच्या संगतीत गेलेला. एकदा धुतलेले हात कामाला लागेपर्यंत कशालाही लावायचे नाहीत, हे अंगातच मुरलेलं. काकू म्हणायच्या, "लग्नात हार तेवढा हातानं घातला, हे माझं नशीब."

सांगलीतल्या एका कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. म्हणजे काचसामान धुवायचं, जंतू वाढवायला लागणारं खाद्य शिजवायचं आणि सरांची बोलणी खायची. भांडं फुटलं तर ते चकार शब्द काढत नसत. पण कुणी 'अंदाजे' म्हणालं की मेलंच. काचेच्या बशीत वाढलेल्या जंतूंचे ठिपके बघून एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, "अंदाजे दोनशे असतील, सर." सर म्हणाले, "असतील हे ज्योतिषानं म्हणायचं. तू मोज." तिनं मोजले, एकशे त्रेसष्ट भरले. सर म्हणाले, "बघ, सदतीस तू घरून आणले होतेस."

त्यांचा जीव होता दह्यावर. खायला नव्हे, त्यातल्या जंतूंवर. सुट्टी लागली की निघाले. कधी कवठे महांकाळकडं, कधी लोणंदच्या बाजाराला, कधी आमच्या माणदेशातल्या वस्त्यांवर. जिथं बाई घरचं दही लावते तिथं जायचं, ओसरीवर बसायचं आणि चमचाभर विरजण मागून घ्यायचं. येताना एसटीत मांडीवर घोंगडं आणि घोंगड्यात बाटल्या. एका कंडक्टरला संशय आला. "आवं सर, बाटल्यांत काय हाय?" सर म्हणाले, "वस्ती." कंडक्टरनं बूच उघडून वास घेतला आणि पुढं सांगलीपर्यंत त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही.

त्या बाटल्यांवर ते गावाचं नाव लिहीत नसत, दही लावणाऱ्या बाईचं लिहीत. आमच्या फ्रीजमध्ये अशा कितीतरी बाया नांदत होत्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दही गावाचं नसतं रे. हाताचं असतं."

कवठे महांकाळकडची एक तरुण बाई एकदा कॉलेजात विचारत विचारत आली होती. सासू जाऊन दोन वर्षं झालेली आणि घरचं विरजण उन्हाळ्यात नासलेलं. म्हणाली, "आमच्या आत्याबाईंचं इरजान तुमच्याकडं ठिवलंय म्हनं." सरांनी फ्रीजमधली ती बाटली काढली, तीन दिवस खपून त्यातले जंतू पुन्हा जागे केले आणि उकळून कोमट केलेल्या दुधाला लावले. चौथ्या दिवशी बाई पुन्हा आली. तिनं बोटानं चाखलं, "ह्येच," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली. सर खिडकीकडं तोंड करून बसले होते. त्या दिवशी कुणालाच बोलणी बसली नाहीत.

एवढा दह्याचा भक्त, पण 'चांगले जंतू' हा शब्द त्यांना खपत नसे. "चांगला-वाईट हे शाळेच्या दाखल्यावर लिहितात. जंतू आपलं पोट भरतो. त्यात तुझं भलं झालं तर तुझं नशीब." पोटाच्या तक्रारी घेऊन माणसं यायची, सरांचं विरजण द्या म्हणायची. आमच्याकडं मीठ-विरजण मागितलं तर नाही म्हणू नये अशी रीत. सर सरळ नाही म्हणायचे. "मी औषध देत नाही," म्हणायचे. त्यापायी किती लोक त्यांना माजोरडा म्हणत, त्याला गणती नाही.

मग मला तो आजार झाला.

दिवसाला दहा-बारा वेळा संडासला जायचं आणि दर वेळी रक्त. मी महिनाभर कुणाला सांगितलं नाही. ही गोष्ट सांगायची तरी कशी! वजन उतरलं तेव्हा सरांनीच धरून मिरजेला नेलं. डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं बघितलं आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणून सांगितलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा. जंतूची लागण नाही, जागरणानं नाही, तिखटानं नाही. शरीराची स्वतःची संरक्षण करणारी फौजच आतड्यावर उलटलेली. आधी स्टिरॉइड, मग रोजच्या गोळ्या. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

परत आल्यावर सरांनी मला स्टुलावर बसवलं. त्यांना ठाऊक होतं मी मेंढपाळाच्या घरचा. म्हणाले, "तुमच्या मेंढरांना राखणीला कुत्री असतात ना? आतड्याच्या भिंतीला शरीराचा सगळ्यात मोठा पहारा असतो, कारण बाहेरचं जग तिथूनच आत येतं. कुत्र्यानं लांडगा ओळखायचा आणि मेंढीही ओळखायची. तुझं कुत्रं मेंढ्यांवर तुटून पडलंय."

"मग सर, तुमचे जंतू काय करतात?"

"काही जाती कुत्र्याला कळपाची पुन्हा ओळख करून देतात, असं दिसतं. भिंतीवरचा चिकट लेप जाड करतात. पहाऱ्यातल्या काही पेशींचं कामच मुळी बाकीच्यांना शांत करायचं असतं, त्या पेशी वाढवतात. बशीत दिसतं, उंदरात दिसतं. माणसात थोडं दिसतं, थोडं दिसत नाही. एक जात करते ते दुसरी करत नाही. तुझ्या आजारात थोडी आशा आहे. याचाच भाऊबंद आहे, क्रोन म्हणतात, त्यात तेवढीही नाही." मग म्हणाले, "आणि मला यातलं पुरतं कळलेलं नाही, हेही लिहून ठेव."

त्यानंतर त्यांनी फ्रीजमधल्या सगळ्या बायांची परीक्षा घेतली. जंतू वेगळे केले, पुण्यातल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पहारेकरी पेशींबरोबर ठेवून बघितले. कुठला जंतू पेशींची आरडाओरड कमी करतो, ते शोधायचं होतं. सहा-सात महिने गेले. एका दुपारी सर धावत आले आणि दार त्यांनी हातानं उघडलं. मी चमकलोच. त्यांच्या हातात कागद होता. सगळ्यात गुणाची बाटली निघाली ती 'हौसाबाई, माण'. हौसाबाई म्हणजे माझी आई. दहिवडीच्या पुढं आमची वस्ती आहे. तिथं सर एकदा जेवायला आले होते, तेव्हा तिनं दिलेलं शेळीच्या दुधाचं विरजण होतं ते.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय सांगतोस? मी तर लहानपनापास्नं पाजतीया तुला."

सरांनी मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, त्याच्या जोडीला ताक प्यायला माझी हरकत नाही. सर रोज त्या जंतूचं दही स्वतः लावायचे, त्याचं भांडंभर ताक मला समोर बसवून पाजायचे आणि एका वहीत मी लिहायचं : संडास किती वेळा, रक्त आहे का नाही, दुखतं का. बरं चाललं होतं. वहीत 'नाही'ची ओळ लांबत गेली. एका संध्याकाळी मी बेसिनशी काचसामान धूत होतो. सर वही चाळत होते. स्वतःशीच म्हणाले, "गोळ्या नसत्या तर यात दह्याचं किती, ते कळलं असतं."

एवढं म्हणून कोपरानं दार ढकलून ते गेले. ते वाक्य त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल. माझ्या राहिलं.

प्रयोगशाळेत त्यांनीच शिकवलं होतं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही. मी शिकलो-सवरलो नव्हतो फार, पण हे मनात पक्कं बसलं होतं. मला वाटलं, माझ्या गोळ्या हाच या प्रयोगातला घोळ आहे. तो काढला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. सरांना सांगितलं नाही, कारण ते ओरडले असते. पाकिटं कपाटात कपड्यांखाली ठेवली. आज हे लिहिताना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. पण तेव्हा मला मी मोठा शास्त्रज्ञ वाटत होतो.

दीड महिना काही झालं नाही. मी मनातून उड्या मारत होतो. मग एका सकाळी रक्ताचा धागा दिसला. वहीत लिहायला बसलो आणि 'नाही' लिहिलं.

का लिहिलं ते सांगतो. सर सकाळी आले की पांढरा कोट चढवायच्या आधी वही उघडायचे. 'नाही' दिसलं की शीळ घालायचे. बेसूर शीळ, पण मी त्यांना आधी कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. साताऱ्याच्या एका संस्थेनं त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. माणसं डबे घेऊन यायची तेव्हा ते अजूनही नाही म्हणायचे, पण आता म्हणायचे, "थोडं थांबा." त्या माणसासमोर 'आहे' कसं लिहायचं? मला वाटलं, दोन दिवसांत थांबेल. दोनाचे आठ झाले, आठाचा महिना झाला. मग तर खरं लिहिलं असतं तर मागचं खोटं उघडं पडलं असतं.

प्रयोगशाळेतच मी कोसळलो. अंगात ताप, पोट तट्ट फुगलेलं. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईदादांना बाजूला घेऊन सांगितलं : शिरेतून जोराचं औषध देतोय. पाच-सहा दिवसांत गुण आला नाही तर मोठं आतडं पूर्ण काढावं लागेल आणि पोटावर पिशवी येईल. उशीर झाला तर जिवावर बेतेल. दादा म्हणजे माझे वडील. मेंढरं भावकीवर टाकून आले होते.

आई येताना तांब्याभर ताक घेऊन आलेली. खोलीच्या दारातच सर उभे राहिले. "ताई, आत्ता नको."

"आवं सर, तुमीच तर म्हनलासा, माझ्या दह्यात गुन हाय."

"म्हणालो. पण आत्ता त्याच्या आतड्याची भिंत उघडी आहे आणि औषधानं सगळा पहारा झोपवलाय. अशात जिवंत जंतू आत गेला तर कुठं जाईल, मला सांगता येत नाही. तुमचं दही असलं तरी नको."

आईनं तांब्या खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. सर हललेही नाहीत. ज्या जंतूसाठी त्यांनी वर्ष घातलं होतं, त्यालाच ते दारात अडवून उभे होते.

आई बाहेर गेल्यावर ते माझ्याजवळ बसले. "गोळ्या कधी सोडल्यास?" मी सांगितलं. त्यांनी पिशवीतून वही काढली. "पहिलं खोटं 'नाही' कुठलं?" मी बोट ठेवलं. त्यांनी पेन्सिलीनं तिथपासून एकेक खोडत आणलं. शेवटी मोजले. चौतीस. त्या अवस्थेतही मोजले. मग वही मिटून विचारलं, "का?"

"तुम्हीच म्हणाला होतात सर. गोळ्या नसत्या तर कळलं असतं."

सरांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. दादा कोपऱ्यात उकिडवे बसले होते. आमचं बोलणं त्यांना किती कळलं देव जाणे, पण कुत्र्याचा दाखला मी त्यांना पूर्वी सांगितला होता. ते म्हणाले, "सर, येक बोलू का? रागवू नगासा."

"बोला ना."

"कुत्रं मेंढरास्नी चावाया लागलं, तर आमी आदी त्येला साखळीनं बांदतो. मोकळ्या कुत्र्याला वळख कोन करून देतंय? हात तोडंल की त्ये. बांदल्यावर मग रोज मेंढरं त्येच्या समूरनं न्यायची. हळूहळू निवतंय."

"आणि नाही निवलं तर?"

"तर बांदूनच ठिवायचं. कळप तर ऱ्हातो."

सरांनी वहीचं मागचं पान उघडलं आणि दादांचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं. मग उठून दादांच्या पायाला हात लावला. दादा घाबरून मागं सरले, "आवं, आवं, ह्ये काय करताय!" साखळी म्हणजे माझ्या गोळ्या, हे मला तिथं पडल्या पडल्या कळलं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आतडं राहिलं.

साताऱ्याचं व्याख्यान सरांनी रद्द केलं नाही. मलाही बरोबर नेलं. सभागृह भरलेलं होतं. मागच्या खुर्च्यांवर चार-सहा बाया मांडीवर डबे घेऊन बसल्या होत्या, कारण सांगलीच्या सरांच्या विरजणानं एक माणूस बरा झाला अशी बोलवा तोवर साताऱ्यापर्यंत पोचली होती. सर उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "तुम्ही ऐकलंय ते खोटं आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "रुग्णाला मला खरं सांगायची भीती वाटली. भीती त्याची, पण ती निर्माण केली माझ्या आनंदानं. ज्याला उत्तर हवंहवंसं वाटतं, त्यानं प्रश्न विचारायला दुसऱ्याला बसवावं." लोकांत चुळबूळ झाली. कुणी तरी उठून गेलं. टाळ्या पडल्या त्या अगदी कमी.

बाहेर एक बाई आडवी आली. "सर, चमचाभर तरी द्या. तेवीस वर्साची पोरगी हाय, रक्त थांबत न्हाई."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत, ताई?"

"त्या बंद केल्या. त्यांनी तोंड सुजतंय. लगीन कसं जमायचं?"

सर तिथंच पायरीवर बसले. तासभर तिच्याशी बोलले, तिच्या डॉक्टरांना फोन लावला, उद्याची वेळ घेतली. विरजण दिलं नाही. बाई रिकामा डबा घेऊन जाताना मोठ्यानं म्हणाली, "एवढा मोठा मानूस, पन चमचाभर इरजान सुटंना." आमची सांगलीची गाडी तोवर गेली होती. सर म्हणाले, "शिव्या देऊ दे. पोरीनं गोळी सुरू केली म्हणजे झालं."

निवृत्तीनंतर त्यांचा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकच शब्द : "रक्त?" मी खरं सांगायचो. बहुतेक वेळा नसायचं. मी गोळ्या घेतो, ताकही पितो. कशाचा किती हात आहे ते सरांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि ठरलं असं त्यांनी कधी म्हटलंही नाही.

गेल्या वर्षी हृदय थकलं म्हणून त्यांना मिरजेच्या त्याच दवाखान्यात ठेवलं. मी रोज जात होतो. एका सकाळी पोचलो तेव्हा जुने विद्यार्थी खोलीत उभे होते. प्रत्येक जण म्हणत होता, सर, कालपेक्षा टवटवीत दिसताय. ते बाहेर पडल्यावर सर मला म्हणाले, "तू सांग."

"पायांची सूज वाढलीय, सर. श्वास कालच्यापेक्षा अपुरा आहे."

"हं," म्हणाले. जरा बरं वाटल्यासारखे दिसले. काकूंना त्यांनी जवळ बोलावून काहीतरी हळू सांगितलं. काकू त्यांचा हात धरून बसल्या. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "आणि तुझं?"

आठ दिवसांपासून मला पुन्हा रक्त जात होतं. त्यांच्या धावपळीत मी डॉक्टरांकडं गेलो नव्हतो. समोर माणूस जायच्या वाटेवर. एक 'नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? जीभ त्या शब्दापर्यंत आलीही होती.

"आहे, सर. आठ दिवस झाले."

त्यांना इतका राग आला की काकू घाबरल्या. धाप लागली होती, तरी म्हणाले, "मग इथं काय करतोयस? खाली जा. नंबर लाव. आत्ता."

"सर, थोडं थांबून जातो."

"जा म्हटलं ना!"

मी खाली गेलो. नंबर लावून बाकावर बसलो. माझ्यापुढं सात जण होते. चौथा आत गेला तेव्हा त्यांचा एक विद्यार्थी जिन्यावरून उतरून माझ्याकडं आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला कळलं, सर गेले. "चला," एवढंच तो म्हणाला.

मी उठलो नाही. त्याला म्हणालो, तू हो पुढं. पाचवा गेला, सहावा गेला, सातवा गेला. मग माझं नाव पुकारलं. मी आत जाऊन बसलो आणि डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून सगळं नीट सांगितलं. त्यांनी लिहून दिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. मग वर गेलो.